बर्फातली बाटली

आळंद
१० फेब्रुवारी २०२५

वच्छलावहिनींस प्रभुलिंगचा शरणु.

पत्र पोहोचलं. देताना पोस्टमननं विचारलं, "मास्तर, अजून कोण लिहितं हो पत्रं?" म्हटलं, ज्यांना ऐकू येत नाही ते. माझा डावा कान गेल्या वर्षी गेला, उजव्याला ऐकण्यात रस उरलेला नाही, आणि तुमच्या फोनवर तुमच्यापेक्षा कोंबड्याच जास्त बोलतात. तेव्हा आपलं पत्रच बरं.

पण वहिनी, हा असला शब्द तुम्ही पोराला द्यायला नको होता. "या उन्हाळ्यात माझ्या कोंबड्या जगल्या तर मला हैदराबादला न्यायचं नाव काढायचं न्हाई. मेल्या तर मी आपल्या पायानं येते." हरिओमनं ऐकलं, सूनबाईंनी ऐकलं, म्हणजे साक्षीदारही झाले. पुराणात प्रतिज्ञा पुष्कळ आहेत, पण कोंबड्यांच्या प्रकृतीवर सोडलेली एकही मला आठवत नाही. कोंबडी हा जीव संन्याशासारखा आहे. कधी देह ठेवील ते तिचं तिला ठाऊक नसतं.

गेल्या मे महिन्यात साठांतल्या नऊ उरल्या होत्या, हे तुम्हीच लिहिलं होतं. मानमोडीच्या रोगानं आठ दिवसांत अंगण झाडून नेलं. यंदाही मे महिना येणारच आहे.

किशनराव असता तर त्यानं तुम्हाला अडवलं असतं. अर्थात तुमच्या तालुक्याच्या कल्याणच्या शाळेत एका बाकावर बसून सात वर्षांत मी त्याला एकदाही कुणाला अडवताना पाहिलं नाही. तो जाऊन सहा वर्षं झाली. त्याच्या माघारी त्या घराला कडी लागू नये असं मलाही वाटतं. पण माझ्या वाटण्याला विचारतो कोण? शाळेत यंदा संस्कृताला तीन मुलं आहेत, त्यातलं एक चुकून आलेलं आहे. तुम्ही आणि मी, दोघंही संपत आलेल्या वंशांची राखण करतो. तुमच्या वंशाला निदान अंडी तरी आहेत.

आपला,
प्रभुलिंग


राजेश्वर
१८ फेब्रुवारी

प्रभुअण्णास वच्छलाचा नमस्कार.

तुमचं पत्र वाचून हसू आलं. शब्द दिला ते चुकलं म्हणता. मग काय करू? हरिओम दर सणाला येतो आन म्हणतो, आई, तू इथं एकटी काय करायलीस? सून स्नेहा गुणाची हाय, तिच्या तोंडून वाईट शब्द न्हाई. पण त्यांचं घर चौथ्या माळ्यावर. तिथं मी करू काय? दार उघडायचं आन दार लावायचं. इथं सकाळी डालगं उचललं की वीस तोंडं माझ्याकडं बघतात. तेवढ्यासाठी शब्द दिला.

आज चार कोंबड्या खुडूक बसल्या. माझ्या आईच्या घरून आलेल्या, तितरी रंगाच्या. आता गावात अंड्यावर बसणाऱ्या तेवढ्याच राहिल्यात. विकत आणलेल्या कोंबड्या अंडी देतात आन विसरून जातात, बसायचं त्यांच्या डोक्यातच न्हाई. टोपलीत खाली राख, वर लिंबाचा पाला, वर कुस्करलेला कडबा. आठवड्याच्या आतलीच अंडी घेतली. धुतली न्हाईत, धुतलेलं अंडं सडतं. एकीखाली अकरा. दिवसातून एकदा उठतील, दाणे टिपतील, मातीत लोळतील, परत बसतील. सातव्या दिवशी बॅटरीवर धरून बघणार. लाल दोरे दिसले तर जीव हाय, न्हाई तर काढून टाकायचं. बाराखडीसारखं पाठ हाय मला हे. मारणाऱ्या रोगापुढं त्याचा काय उपयोग, ते गेल्या वर्षी बघितलं.

आता काम सांगते. पिलं आठ दिवसांची झाली की डोळ्यात मानमोडीच्या लशीचा एकेक थेंब टाकायचा. बाटली शंभर जनावरांची येते, एकदा औषध कालवलं की दोन तासांत संपवावी लागते, म्हणून दहा-वीस कोंबड्यांसाठी कुणी फोडत न्हाई. यंदा मी गल्ली गोळा केलीय. माझी पिलं मी बायकांना वाट्यावर देते, वाढवायची त्यांनी, मोठी झाली की निम्मी त्यांची, निम्मी माझी. माझ्या आन त्यांच्या घरच्या मोठ्या कोंबड्या धरून नव्वदेक होतात. कल्याणच्या दुकानात लस संपलीय. तुम्ही शाळेच्या कामाला कलबुर्गीला जाता, तिथून आणाल का? एकच हाय, ती बर्फातच पाहिजे. गरम झाली की नुसतं पाणी.

दावणीमागं लसूणघास पेरलाय, त्याचे चार वाफे केलेत. एका वाफ्यात आठवडाभर कोंबड्या, तोवर तीन वाफे मोकळे. जमीन मोकळी राहून वाळली की घाणीतले किडे मरतात.

तुमची,
वच्छला


आळंद
१ मार्च

वहिनींस शरणु.

तुमच्या घासाची व्यवस्था वाचून धन्य झालो. चार वाफे म्हणजे चार आश्रमच. कोंबड्या क्रमाक्रमानं एकेकातून जातात आणि शेवटी संन्यास न घेता परत पहिल्यात येतात. आमच्या शास्त्रकारांना हे सुचलं असतं तर पुष्कळ म्हातारे सुखी झाले असते.

लस आणतो. १७ मार्चला कलबुर्गीत शिक्षकांचं प्रशिक्षण आहे. तीस वर्षं शिकवल्यावर आता शिकवावं कसं ते शिकवणार आहेत. दुपारी सुटलो की बाटली घेतो, रात्री आळंदला मुक्काम करतो आणि १८ ला सकाळच्या बसनं राजेश्वर. दुकानदाराशी बोलून ठेवलं आहे. तो म्हणाला, थर्मास आणा, बर्फ मी भरून देतो. त्यानं एक ज्ञानही दिलं. ही लस म्हणे अंड्यातच वाढवतात. म्हणजे तुमच्या पिलांच्या रक्षणासाठी आधी कुणा दुसऱ्याच्या पिलांनी देह ठेवलेला असतो. जगाची रीत पाहता मला नवल वाटलं नाही.

आमच्या घरात अंड्याला 'ते' म्हणतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. किशनराव एकदा जेवायला आला असता आमच्या सौ. चंद्रम्मासमोर तो शब्द बोलून गेला होता, तर तिनं शेणसडा घातला होता. मी तुमच्याकडे कुक्कुटकार्याला जातो आहे हे तिला सांगितलं आहे. ती म्हणाली, "होगि बर्री." जाऊन या. आशीर्वाद समजावा की निरोप, ते कळलं नाही.

प्रभुलिंग


राजेश्वर
२४ मार्च

प्रभुअण्णास नमस्कार.

घरी नीट पोचलाव ना? तुम्ही आलाव तो दिवस गल्ली अजून बोलायलीय. पांढरं धोतर, कपाळाला इभूत, आन दोन्ही हातात पिलू धरून, "वहिनी, हे डोळे मिटतंय, ध्यानस्थ आहे." पार्वतीबाई तर पदर तोंडात धरून हसायली होती. तिला मी म्हणलं, हे माझ्या मालकाचे दोस्त, वेदपाठी हायेत, हसू नको. ती म्हणते, "वेद म्हणू द्या की, पण पिलू उलटं धरलंय त्यांनी."

चव्वेचाळीस अंड्यांतून अडतीस पिलं निघाली. इतकी कधी निघाली न्हाईत. तुम्ही थर्मासचं टोपण काढलं आन आत बर्फ बघितला, तवा माझ्या जीवात जीव आला. एवढ्या उन्हात, दोन बस बदलून, आन बर्फ तसाच. असं माणूस कोण करतं आजकाल?

सगळ्यांना थेंब पडला. हावगेप्पाची बायको आधी न्हाई म्हणत होती. मागं कुण्या पोरानं टोचलं आन तिची कोंबडी लंगडी झाली होती. मी तिला म्हणलं, ही लस बर्फात आलीय, आळंदचे स्वामी स्वतः घेऊन आलेत, पिलं गेली तर माझ्याकडं ये. तवा तिनं आपलं डालगं आणलं.

हरिओमचा फोन आला होता. सांगितलं त्याला. म्हणला, बघू मे महिन्यात.

वच्छला


आळंद
३१ मार्च

वहिनींस शरणु.

पोहोचलो. दोन दिवस हातांना पिलांचा वास येत होता. वर्गातल्या तिघांपैकी एकानं नाक मुरडलं. जो चुकून आला आहे, त्यानंच.

तुम्ही माझं जरा जास्तच कौतुक केलं आहे. मी नुसता हमाल. घरी एका बाटलीवरून थोडा मतभेद झाला होता, तो मिटला. पिलं कशी आहेत? थेंब टाकल्यावर काही फरक दिसतो का? म्हणजे, लस लागली की नाही हे बाहेरून कळतं का? सहज विचारतो. मला त्यातलं काही कळत नाही.

ऊन फार आहे. पाण्याच्या भांड्यात गूळ टाकावा का? कुठेतरी वाचलं होतं.

प्रभुलिंग


राजेश्वर
१२ एप्रिल

प्रभुअण्णास नमस्कार.

पिलं तळहातात मावंनात आता. तुरे फुटायलेत. बाहेरून कळतं का म्हणून विचारलाव. न्हाई कळत, अण्णा. रोग आला म्हणजेच कळतं.

त्यासाठीच लिहितेय. खालच्या तांड्यावर कोंबड्या मरायल्यात. हिरवी-पांढरी हगवण, तोंड उघडं टाकून श्वास घेतात, आन मग मान पाठीवर वळते. मी लांबूनच बघून आले, चपला धुतल्या. गल्लीतल्या बायकांना बाहेरची कोंबडी आणू नका म्हणलंय. पण पाहुणे येतात, बाजार भरतो, कावळे उडतात, कुणाकुणाला थांबवायचं?

शुक्रवारी, २५ तारखेला, कल्याणला जनावरांच्या डॉक्टरांचा कॅम्प हाय. तिथं पुन्हा थेंब टाकतात. मी जाऊन विचारून आले. डॉक्टर चांगला माणूस हाय. म्हणला, "बाई, पहिली लस सगळा वेळ थंडीत होती तर आता आणू नका. एवढ्या उन्हात नव्वद जनावरं टेम्पोत कोंबून आणलीत तर वाटेतच दहा-वीस जातील, शिवाय इथं साऱ्या गावांच्या कोंबड्या येणार, रोग घेऊन परत जाल. पण लस गरम झाली असेल तर आणाच. मग दुसरा इलाज न्हाई. अजून तुमच्या गल्लीत रोग आला न्हाई, तोवर हाय वेळ."

तवा अण्णा, एवढंच सांगा. कलबुर्गीहून माझ्या दारात येईपर्यंत बाटली सगळा वेळ बर्फात होती ना? मी तर बर्फ बघितलाय. पण रात्री तुमच्या घरी मुक्काम होता म्हणून विचारते. व्हय किंवा न्हाई, एवढं लिहिलं तरी पुरे. टेम्पोवाल्या शिवराजला सांगून ठेवलंय, न्यायचं न्हाई तर त्याला कळवते.

वच्छला


आळंद
२१ एप्रिल

वहिनींस शरणु.

उत्तराला चार दिवस उशीर झाला, क्षमा असावी. शाळेत पट मोजायला साहेब आले होते. तीन मुलं मोजायला त्यांना दीड दिवस लागला.

तुमच्या बाटलीची चौकशी म्हणजे सोयरिकीच्या वेळची चौकशी झाली. मुलगी कुठे होती, कुणाकडे राहिली, उन्हात तर गेली नाही ना? तर ऐका तिचं प्रवासवर्णन. कलबुर्गीहून निघाली तेव्हा ती साक्षात कैलासावर होती, चारी बाजूंनी हिम. बसमध्ये मी तिला मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "लेकराला बरं नाही का?" म्हटलं, लेकरू बरं आहे, सर्दी झाली आहे. कंडक्टर म्हणाला, याचं तिकीट? म्हटलं, हे अजून अंड्यात आहे. आणि तुमच्या दारात उतरली तेव्हा पुन्हा हिमातच होती, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. एवढं सौभाग्य माझ्या चंद्रम्मालाही लाभलं नाही. लग्न होऊन येताना बिचारी बैलगाडीत घामाघूम झाली होती. डॉक्टरांना सांगा, वधू कुलीन आहे.

तुम्ही फार काळजी करता. काळजीनं कोंबडी जगत असती तर गेल्या वर्षी तुमची एकही मेली नसती.

प्रभुलिंग


राजेश्वर
८ मे

प्रभुअण्णास नमस्कार.

संपलं.

३० तारखेला पार्वतीबाईच्या दोन पिलांच्या माना वळल्या. तिसऱ्या दिवशी माझ्याकडं. ज्या चार बसल्या होत्या त्या आधी गेल्या. एक तर पाण्याच्या भांड्याकडं चालायली होती, पण मान पाठीवर, म्हणून मागं मागं चालायली. पाणी पुढं, ती मागं. मी धरून चोच बुडवली. प्याली. मग गेली.

काल संध्याकाळपर्यंत गल्लीत एक बी राहिली न्हाई. माझ्याच न्हाई, कुणाच्याच न्हाई. दावणीमागं खड्डा केला, चुना टाकला, वर माती. घास बराच उंच झालाय. खायला कुणी न्हाई.

कॅम्पला नेलं न्हाई.

चूक माझी हाय, अण्णा. मी लई विचार केला. औषध कालवलं तवा अकरा वाजले होते. पार्वतीबाईचा कोंबडा छपरावर चढला, तो धरण्यात येळ गेला. हावगेप्पाच्या बायकोला समजावण्यात येळ गेला. तिचं डालगं शेवटी आलं तवा दोन तास कवाच होऊन गेले असणार. घड्याळाकडं मी बघितलंच न्हाई. तुम्ही एवढ्या उन्हात बर्फ टिकवून आणलाव आन मी दारात बसून त्याचं पाणी केलं. मी बायकांना तसंच सांगितलं. लस चांगली होती, माझ्या हातून येळ टळली.

हावगेप्पाच्या बायकोनं मेलेली पिलं टोपलीतून आणली आन माझ्या उंबऱ्यावर एका ओळीत ठेवली. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

हरिओमला फोन केला. म्हणला, "आई, शब्दाचं जाऊ दे, तू तुझ्या मनानं ठरव." पोरगं चांगलं हाय. पण मन कुठं राहिलंय ठरवायला?

वच्छला


आळंद
१४ मे

वच्छलावहिनींस,

चूक तुमची नाही. हे मी २१ एप्रिललाच लिहायला हवं होतं.

१७ मार्चला संध्याकाळी बाटली घेऊन घरी आलो. थर्मासमधला बर्फ उन्हानं अर्धा झाला होता, म्हणून रात्रीपुरती बाटली फ्रिजमध्ये ठेवायची ठरवलं. चंद्रम्मानं विचारलं, हे काय? त्या वेळी मी म्हणायला हवं होतं की हे औषध आहे, गार राहिलं नाही तर वच्छलावहिनींची पिलं मरतील आणि त्यांचं घर सुटेल. मी म्हटलं, "यात अंड्याचा अर्क आहे, पण घाबरू नको, आंघोळ घालून आणलाय." मला वाटलं ती हसेल.

ती हसली नाही. फ्रिजमध्ये पूजेचं दूध होतं, दही होतं. ती म्हणाली, हे इथं नको. मी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. वाद नको वाटला. शेजारी कुणाकडे ठेवायला जायचं तर 'मास्तर कोंबडीचं औषध घेऊन फिरतात' हे आळंदभर होईल, तेही नको वाटलं. ओल्या फडक्यात गुंडाळून बाटली रांजणाखालच्या वाळूत पुरली. आपले लोक लोणी ठेवायचे तसं. वाळूला हात लावून पाहिला, गार लागली. सकाळी थर्मासमध्ये कोमट पाणी होतं आणि बाटली अंगासारखी उबदार होती. स्टँडवरच्या उसाच्या रसवाल्याकडून बर्फ घेतला आणि भरला. तुम्ही टोपण काढल्यावर जो बर्फ पाहिला तो तोच.

मला खरंच वाटत होतं की एका रात्रीनं काय होतंय. मग तुमचं १२ तारखेचं पत्र आलं. चार दिवस ते पत्र माझ्या खिशात होतं. साहेब आले होते हे खरं, पण ते एकाच दिवसात परत गेले. 'नाही' हा एक शब्द लिहायचा होता. तो लिहिला की मग धोतर नेसून, बर्फ घेऊन तुमच्या दारात उतरलेला मी कोण, ते तुम्हाला कळलं असतं. म्हणून प्रवासवर्णन लिहिलं. त्यात एकही वाक्य खोटं नाही. मधली रात्र तेवढी वगळली. कुठलं वाक्य गाळायचं हे मी चांगलं शिकलेलो आहे.

तुमचं ८ तारखेचं पत्र चंद्रम्माला वाचून दाखवलं. ती उठून फ्रिजपाशी गेली. मग म्हणाली, "मला कामून सांगितलं नाही, पिलं मरतील म्हणून? मी दूध बाहेर ओतून फ्रिज रिकामा करून दिला असता." आणि ती तसं करणारी आहे, वहिनी. तीस वर्षांत मला ते कळलं नव्हतं, कारण मी तिला कधी गरज सांगितली नाही, नुसते विनोद सांगितले.

गल्लीतल्या बायकांना माझं नाव सांगा. मी येऊन सांगायला तयार आहे. हरिओमलाही मी पत्र लिहितो की तुमचा शब्द मोडला ही गोष्टच खरी नाही, लसच मेलेली होती, मग कोंबड्या जगतील कशा? हा शब्द धरू नये. तुम्ही जाऊ नये.

मला क्षमा करता येईल का, तेवढं कळवा.

प्रभुलिंग


राजेश्वर
२६ मे

प्रभुअण्णास नमस्कार.

तुमचं पत्र आठ दिवसांपूर्वी आलं. आज सामान बांधून झालं म्हणून लिहायला बसले.

हरिओमला लिहू नका. शब्द मी दिला होता, कोंबड्या मेल्या. कामून मेल्या हे शब्दात कुठं होतं? ५ तारखेला तो गाडी घेऊन येतो. घास पार्वतीबाईच्या शेळ्यांना सोडला. शेत शिवराज करतो म्हणालाय, करू दे. दाराची किल्ली बी त्याच्याकडंच ठेवणार. घर बंद राहिलं की पाल्या होतात, मधूनमधून उघडत जा म्हणलं. व्हय म्हणाला. चार महिने उघडील, मग विसरंल.

चंद्रम्मावहिनींना सांगा, माझा त्यांच्यावर काही राग न्हाई. त्यांना जे सांगितलं तेवढंच त्यांना कळलं.

तुम्ही येऊन सांगतो म्हणता. येऊ नका. बायकांना मी तुमचं नाव सांगितलं न्हाई, सांगणार बी न्हाई. तुम्हाला वाचवायचं म्हणून न्हाई. तुम्ही तर आता खरं लिहिलाव, तुमचं वझं उतरलं. माझं कसं उतरायचं? त्यांना सांगितलं की लस आधीच मेली होती, तर त्या विचारतील, मग कॅम्पला का नेलं न्हाईस? आन त्यांना विचारायची बी गरज न्हाई, त्या तिथंच उभ्या होत्या.

तुम्ही क्षमेचं विचारलाव म्हणून सांगते, न्हाई तर ठेवलं असतं मनात. मी शिवराजला येऊ नको म्हणून कळवलं नव्हतं. तुमचं उत्तर येईना, म्हणून २५ तारखेला सकाळी टेम्पो बोलावला. सगळ्या बायका डालगी घेऊन आल्या होत्या. डालग्यांवर ओली पोती टाकली होती. निम्मी डालगी टेम्पोत चढली होती, शिवराज मागं उभा राहून दोरी बांधायला होता, तेवढ्यात पोस्टमन आला. मी तिथंच पत्र फोडलं. वाचून हसू आवरंना, तवा पार्वतीबाई म्हणली, मोठ्यानं वाचा की अक्का. मी मोठ्यानं वाचलं. ते कंडक्टरचं आलं, आन हावगेप्पाची बायको बी हसली, त्या दिवशी पहिल्यांदा. पार्वतीबाई म्हणली, "वधू कुलीन हाय, उतरवा गं डालगी." आन आम्ही सगळ्याजणी हसत हसत, एकमेकींच्या हातात देत, ती खाली उतरवली.

वच्छला